छोट्या अक्षरांतली बातमी

टेनिसमधली महिलांची दुहेरी म्हणजे बहुतेकांच्या लेखी जेवणानंतरची सुपारी. मिळाली तर घ्यायची, नाही मिळाली तरी कुणाचे अडत नाही. विम्बल्डनचे एकेरीचे विजेते आपल्याला पाठ असतात, दुहेरीची नावे मात्र दुसऱ्या दिवशी विसरतात. तरीही आज मी बोलणार आहे ते अशाच एका दुहेरीविषयी. साल १९५६. विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली अल्थिया गिब्सन आणि अँजेला बक्स्टन या जोडीने.

अल्थियाचा जन्म १९२७ सालचा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातला. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकवणारे. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले आणि तिथे ती खेळायला शिकली. कृष्णवर्णीयांच्या स्पर्धा वेगळ्या असत, त्यांची संघटनाही वेगळी होती. त्या स्पर्धा ती वर्षानुवर्षे जिंकत होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत काळ्यांना बंदी आहे, असे नियमात कुठे लिहिलेले नव्हते. पण तिथे जायचे तर आधीच्या स्पर्धांतून नाव काढावे लागे, आणि त्या स्पर्धा गोऱ्यांच्या क्लबांत होत. क्लबाचे फाटक बंद म्हटल्यावर पुढचे सगळे आपोआपच बंद. नियम न लिहिता माणसाला बाहेर ठेवण्याची ही युक्ती आपल्याही ओळखीची आहे. १९५० साली अॅलिस मार्बल या चार वेळच्या अमेरिकन विजेतीने एका टेनिस मासिकात आपल्याच लोकांना चार खडे बोल सुनावले, तेव्हा कुठे अल्थियाला प्रवेश मिळाला.

अँजेलाचा जन्म लिव्हरपूलचा, १९३४ सालचा. घरची परिस्थिती चांगली, रंग गोरा. पण ती ज्यू. लंडनमधल्या एका नामांकित क्लबाने तिला सभासदत्व नाकारले. खेळ कमी पडला म्हणून नव्हे, अर्जातला धर्माचा रकाना आडवा आला म्हणून.

या दोघींची गाठ पडली ती आपल्या देशात, दिल्लीत. १९५५ च्या अखेरीस अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने काही टेनिसपटूंना सदिच्छा दौऱ्यावर आशियात धाडले होते. त्यांत अल्थिया होती. ज्या देशात तिला अनेक हॉटेलांत खोली मिळत नव्हती, त्या देशाची ती प्रतिनिधी. अँजेलाही त्या हिवाळ्यात भारतात खेळायला आली होती. दोघींची ओळख झाली, मैत्री झाली. अल्थियाबरोबर दुहेरी खेळायला फारसे कुणी पुढे येत नसे, असे अँजेला नंतर सांगत असे. तिच्याबरोबरही कोण उत्सुक होते म्हणा! उरलेल्या दोघींची जोडी जमली.

१९५६ च्या मे महिन्यात पॅरिसला त्यांनी फ्रेंच स्पर्धेची दुहेरी जिंकली. अल्थियाने तिथे एकेरीही जिंकली. जगातल्या चार प्रमुख स्पर्धांपैकी एखादीची एकेरी जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय खेळाडू. मग विम्बल्डन. त्या दिवसांत अल्थिया लंडनला अँजेलाच्या घरीच राहिली. एकेरीत अँजेला अंतिम फेरीपर्यंत गेली आणि शर्ली फ्रायकडून हरली. दुहेरीच्या अंतिम सामन्यात मात्र या दोघींनी फे म्युलर आणि डॅफ्नी सीनी या ऑस्ट्रेलियन जोडीला ६-१, ८-६ असे हरवले.

दुसऱ्या दिवशी एका इंग्रजी वर्तमानपत्राने या विजयाला मथळा दिला, ‘अल्पसंख्याकांचा विजय’. तोही अगदी बारीक टायपात, कुणाच्या फारसा नजरेत भरू नये असा. हा किस्सा अँजेला आयुष्यभर सांगत राहिली.

मला त्या मथळ्यातली गोम लगेच कळली. मी मराठीत कविता लिहितो. संमेलनात ओळख करून देणारे ‘मुस्लिम मराठी कवी’ म्हणतात. प्रेमाने म्हणतात, मनात काही नसते. पण माझ्या शेजारी बसलेल्या कवीच्या नावाआधी त्याचा धर्म येत नाही. तसेच त्या मथळ्याचे. तो खोटा नव्हता. पण चेंडू कुणी मारला, नेटजवळ कोण उभी होती, दुसरा सेट आठ-सहापर्यंत लांबला तेव्हा दोघी कशा टिकल्या, यातले काहीच त्यात नव्हते. दोन माणसे जिंकली होती आणि मथळा लिहिणाऱ्याने डोकी मोजली होती.

अँजेलाचे मनगट त्याच वर्षी दुखावले आणि थोड्याच काळात तिचा खेळ संपला. अल्थियाने १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनची एकेरी जिंकली. इंग्लंडच्या राणीच्या हातून तिने बक्षीस घेतले, न्यूयॉर्कमध्ये तिची मिरवणूक निघाली. पण हातात पैसा आला नाही. तेव्हा या स्पर्धा हौशी खेळाडूंच्या असत, रोख बक्षीस नसे. विम्बल्डन व्यावसायिक खेळाडूंना खुले झाले ते १९६८ साली. आपल्या मुंबईत जन्मलेल्या सानिया मिर्झाने २०१५ साली मार्टिना हिंगिसबरोबर हीच दुहेरी जिंकली, तेव्हा दुहेरीवरही खेळाडूचे घर चालू शकत होते. अल्थियाच्या नशिबी ते नव्हते. १९५८ नंतर बास्केटबॉलच्या खेळाआधी प्रदर्शनी सामने खेळून तिने पैसे मिळवले. पुढे ती व्यावसायिक गोल्फही खेळली.

१९९५ साली अँजेलाच्या घरी फोन वाजला. पलीकडे अल्थिया होती. आजारी, एकटी. घरभाड्याला पैसे नव्हते, औषधाला नव्हते. जीव संपवावासा वाटतो, असे ती म्हणाली. अँजेलाने आधी स्वतःचे पैसे पाठवले. मग अल्थियाला न सांगता एका टेनिस मासिकाला पत्र लिहिले. जगभरातून पाकिटे येऊ लागली. जमलेली रक्कम दहा लाख डॉलरच्या आसपास गेली, असे सांगतात. अल्थिया त्यानंतर आठ वर्षे जगली. २८ सप्टेंबर २००३ रोजी ती गेली.

अँजेलाने विम्बल्डनच्या क्लबाकडेही सभासदत्वासाठी अर्ज केला होता. विजेत्यांना ते सहसा मिळते. आपल्याला ते कधीच मिळाले नाही, असे ती शेवटपर्यंत सांगत होती. २०२० च्या ऑगस्टमध्ये, वयाची शहाऐंशी वर्षे पुरी व्हायला दोन दिवस असताना, ती वारली.

दुहेरीत जोडीदाराच्या हातून निसटलेला चेंडू आपण धावून घ्यायचा असतो. अँजेलाने तो एकोणचाळीस वर्षांनी घेतला. तेव्हा पाहायला प्रेक्षक नव्हते, आणि मथळा द्यायलाही कुणी नव्हते.