चौदा दिवसांचं पथ्य

1952 साल. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू या क्षय-रुग्णालयात इप्रोनियाझिड हे नवं औषध सुरू झालं आणि खाटेला खिळलेली माणसं जेवण मागून घेऊ लागली, वॉर्डात नाचूही लागली. औषध क्षयाचं, पळाली मरगळ! 1957 मध्ये नेथन क्लाइन यांनी नैराश्याच्या रुग्णांवरचे त्याचे परिणाम मांडले, आणि या जातीच्या गोळ्यांना मनोरुग्णालयाची दारं उघडली.

भूलतज्ज्ञांच्या जिवाला मात्र नवा घोर लागला. नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिन यांची विल्हेवाट लावणारं मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर या गोळ्या बंद पाडतात. चेतातंतूंच्या टोकाशी माल साचत जातो. टेबलावर रक्तदाब घसरला म्हणून इफेड्रिन टोचावं, तर तो साठा एकदम सुटतो आणि रक्तदाब भलताच चढतो. मुरलेलं चीजही तेच करतं. बायकोच्या डोकेदुखीबद्दल एका फार्मासिस्टने लिहिलेल्या पत्रावरून लंडनच्या बॅरी ब्लॅकवेल यांनी 1963 मध्ये हा माग काढला. पेथिडिन या वेदनाशामकाशी गाठ त्याहून वाईट: प्रचंड ताप, ताठलेलं अंग, झटके.

विकर नव्याने तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. म्हणून पथ्य ठरलं: शस्त्रक्रियेआधी चौदा दिवस गोळ्या बंद.

पण सगळे रुग्ण तारीख घेऊन येत नाहीत. मार्च 1984 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात 18 वर्षांची लिबी झायन तापाने फणफणून दाखल झाली. ती फेनेल्झिन ही याच जातीची गोळी घेत होती. रात्री तिला पेथिडिन दिलं गेलं; सकाळी ती गेली. मृत्यूच्या कारणावर न्यायालयात बराच खल झाला. पत्रकार वडिलांनी पिच्छा पुरवला आणि 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्याने निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली. डॉक्टरांच्या झोपेची चर्चा देशभर गाजली, त्या मानाने दोन औषधांची कमीच.

तोवर चौदा दिवसांच्या पथ्याचीही दुसरी बाजू दिसू लागली होती. गोळ्या थांबवल्या की नैराश्य उलटतं, आणि खोल नैराश्यातल्या माणसाला ते जिवावर बेतू शकतं. मग पेथिडिन आणि इफेड्रिन टाळून, गोळ्या चालू ठेवूनच भूल देण्याकडे कल वळला. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनसारख्या नंतर आलेल्या, वेगळ्या जातीच्या गोळ्या तर आता सहसा थांबवतच नाहीत. रुग्णाने त्या सांगितल्या पाहिजेत, एवढंच. रक्तदाबाची गोळी माणूस चटकन सांगतो, मनाची गिळून टाकतो.

गंमत म्हणजे, गळ्यातल्या इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथी दिसाव्यात म्हणून शल्यविशारद मेथिलीन ब्लू हा जो रंग टोचत, तोही याच विकराला अडवतो. सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांसोबत तो देऊ नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिला तो 2011 मध्ये.