सोन्याचा शोध आणि जमिनीचा गोंगाट

ज्येष्ठ-आषाढांत महाराष्ट्रावर मेघ दाटून येतात, त्याच वेळीं विषुववृत्ताच्या पलीकडे, ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यांतील व्हिक्टोरिया प्रांतांत ऐन हिंवाळा असतो. बॅलरॅट, बेंडिगो, डनोली या गांवांभोंवतींच्या रानांत त्या थंडींत एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळतें. निलगिरीच्या विरळ झाडींतून एखादा माणूस मान खालीं घालून अत्यंत संथपणें चालत असतो. कानांवर हेडफोन, हातांत एक दांडा, आणि दांड्याच्या टोकाला जमिनीशीं जवळजवळ टेकलेली एक चपटी तबकडी. ती तबकडी तो डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे फिरवितो, क्षणभर थबकतो, गुडघे टेकून माती उकरतो, आणि बहुधा एखादा गंजलेला खिळा हातीं घेऊन पुन्हां चालूं लागतो. हा सुवर्णशोधक होय. त्याच्या हातांतील धातुशोधक यंत्र सोनें शोधतें, असा सर्वसामान्य समज आहे. परंतु या यंत्राचा इतिहास निराळीच गोष्ट सांगतो. धातूचा आवाज ऐकणें मनुष्याला लवकर साधलें. भोंवतालचा गोंगाट न ऐकणें साधावयास मात्र शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

व्हिक्टोरियांत सोनें असल्याची वार्ता १८५१ सालीं पसरली आणि देशोदेशींचे लोक तिकडे लोटले. अवघ्या दहा वर्षांत त्या वसाहतीची लोकसंख्या सुमारें ७७ हजारांवरून ५ लक्ष ४० हजारांच्या घरांत गेली. ज्यांच्या असंख्य पिढ्या त्या भूमीवर नांदल्या होत्या, त्या जाजा वुरुंग लोकांची संमति मात्र कोणीं विचारली नाहीं. सोन्याच्या या उद्योगाचें ऋतुमानाशीं नातें मोठें चमत्कारिक होतें. उन्हाळ्यांत ओढे आटत. मग सोनें असलेली माती धुवावी कशानें? पुष्कळ ठिकाणीं खाणकरी मातीचे ढीग घालून पावसाची वाट पाहत बसत. हिंवाळ्याचा पाऊस आला कीं धुण्यास पाणी मिळे. पण तोच पाऊस खोल विहिरीसारख्या खणलेल्या खड्ड्यांत शिरून काम बंद पाडी. ज्यांचे खड्डे बुडाले त्यांनाही एक उद्योग उरे. पाऊस उघडला कीं उपसलेल्या जुन्या मातीवरून चालावें, आणि वरची धूळ वाहून गेल्यानें उघडे पडलेले चमकते कण वेंचावे.

या शोधाचें साधन म्हणजे केवळ डोळा. आणि डोळ्याची मर्यादा किती तोकडी असते, हें १८६९ सालच्या ५ फेब्रुवारीला दिसून आलें. मोलियागुल येथें जॉन डीसन व रिचर्ड ओट्स या दोघां सोबत्यांना एका झाडाच्या मुळांपाशीं, जमिनीखालीं जेमतेम बोटभर खोलीवर, एक प्रचंड सुवर्णपिंड सांपडला. त्यांतील शुद्ध सोनें सुमारें ७२ किलो भरलें. डनोलीच्या पेढींत एवढा गोळा तोलण्याजोगा तराजू नव्हता, म्हणून तो ऐरणीवर फोडावा लागला. त्या परिसरांत अनेक वर्षें माणसें सोनें धुंडाळीत होतीं. परंतु बोटभर मातीचा पडदा कोणाच्या दृष्टीला भेदतां आला नव्हता.

तो पडदा भेदण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न सोन्यासाठीं झाला नाहीं. तो एका माणसाच्या प्राणासाठीं झाला. २ जुलै १८८१ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या रेल्वेस्थानकांत गोळी झाडण्यात आली. गोळी पाठींत शिरली, पण ती नेमकी कोठें रुतली आहे हें कळेना. शरीराच्या आंत पाहूं देणारे क्ष-किरण १८९५ सालीं उजेडांत यावयाचे होते. डॉक्टर जखमेंत बोटें व सळया घालून चांचपडत राहिले. अशा वेळीं दूरध्वनीचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढें आला. त्यानें तारेचीं दोन वेटोळीं अशा बेतानें जुळविलीं कीं एकांतील विजेचा परिणाम दुसऱ्यावर होऊं नये आणि कानाशीं धरलेल्या दूरध्वनींत पूर्ण शांतता असावी. धातूचा तुकडा जवळ येतांच हा समतोल ढळे आणि आवाज उमटे. आजच्या प्रत्येक धातुशोधकाच्या पोटांत हेंच तत्त्व कोणत्या ना कोणत्या रूपानें वसत आहे.

प्रयोगशाळेंत यंत्र नीट चाललें. रुग्णाच्या शय्येपाशीं मात्र तें गोंधळलें. १ ऑगस्टच्या परीक्षेंत एका ठिकाणीं आवाज यावा, तर तो विस्तृत भागावर येऊं लागला. मागाहून चौकशी करतां गादीखालीं पोलादी तारांचें जाळें असल्याचें बेलला समजलें. शिवाय गोळी उजव्या बाजूस आहे, असा मुख्य डॉक्टरांचा आग्रह होता, आणि शोधही त्याच बाजूस झाला. १९ सप्टेंबरला गारफील्ड यांचा अंत झाला. शवपरीक्षेंत गोळी डाव्या बाजूस आढळली. घात मुख्यतः जखमेंत पसरलेल्या जंतुदोषानें केला होता. पण एक गोष्ट त्या दिवशीं कायमची सिद्ध झाली. धातूला प्रतिसाद देणारें यंत्र करणें अवघड नाहीं. नको त्या धातूपुढें त्याला गप्प बसविणें, आणि तें योग्य जागीं धरणें, हें अवघड आहे.

यानंतर सुमारें पन्नास वर्षांनीं गेर्हार्ड फिशर या जर्मन अभियंत्यानें अमेरिकेंत या विषयाला पुढची गति दिली. रेडिओलहरींच्या साहाय्यानें विमानाची दिशा ठरविण्याच्या कामीं तो गुंतला होता. वाटेंत धातूच्या वस्तु आल्या कीं दिशादर्शन चुकतें, असें त्याला दिसून आलें. जो इतरांना दोष वाटला असता, त्यांतच त्याला साधन दिसलें. लहरी धातूमुळें विचलित होत असतील, तर त्या विचलनावरून लपलेला धातु ओळखतां आला पाहिजे. १९३१ सालीं त्यानें कॅलिफोर्नियांत अशीं यंत्रें बनविण्याचा कारखाना काढला, आणि १९३७ मध्यें त्याला पेटंट मिळालें.

पुढें महायुद्ध आलें. पोलंड पडल्यावर ब्रिटनमध्यें आलेला पोलिश अधिकारी यूझेफ कोसात्स्की यानें सुरुंग हुडकण्याचें एक हातांत धरण्याजोगें यंत्र सिद्ध केलें. त्याचें पेटंट न घेतां त्यानें तें ब्रिटिश सैन्याला देऊन टाकलें. १९४२ च्या ऑक्टोबरमध्यें एल् अलामीनच्या रणांगणावर अशीं सुमारें ५०० यंत्रें वापरांत आलीं. सुरुंग पेरलेल्या वाळूंतून सैन्याची वाटचाल ताशीं १०० मीटरांवरून २०० मीटरांवर गेली, असें सांगतात. युद्ध संपल्यावर सैन्याला नकोशीं झालेलीं अशा जातीचीं यंत्रें स्वस्तांत विकलीं गेलीं, आणि तीं घेऊन कित्येक हौशी लोक सोन्याच्या मागें लागले.

परंतु सुरुंग म्हणजे लोखंडाचा थाळीएवढा डबा, आणि सोन्याचा खडा पुष्कळदां वाटाण्याएवढा. त्यांत व्हिक्टोरियाची तांबडी माती लोहयुक्त; जागोजाग लोहदगड विखुरलेले. तेथें यंत्र फिरवावें तर पावलोपावलीं आवाज! बेलच्या वेळीं एक गादी नडली. येथें सारी पृथ्वीच पोलादी गादी झाली होती. १९७० नंतरच्या दशकांत जमिनीचा आवाज ठराविक प्रमाणांत वजा करण्याची युक्ति यंत्रांत आली. त्याच सुमारास सोन्याचे भाव चढले. १९८० च्या जानेवारींत ते एका औंसाला ८५० डॉलरांपर्यंत पोहोंचले. त्याच वर्षीं २६ सप्टेंबरला केव्हिन हिलियर याला किंगोवर गांवीं, जमिनीखालीं सुमारें एक फुटावर, २७ किलोंहून जड सुवर्णपिंड अशाच यंत्रानें सांपडला. ‘श्रद्धेचा हात’ या अर्थाच्या इंग्रजी नांवानें तो प्रसिद्ध झाला, आणि पुढें अमेरिकेंतील लास व्हेगासच्या एका द्यूतगृहानें तो विकत घेतला.

तरीही जमीन पुरती गप्प झाली नव्हती. तें काम अ‍ॅडलेडच्या ब्रूस कँडी या संशोधकानें केलें. त्याच्या यंत्रांत विजेचा एक ठोका जमिनींत धाडावयाचा, मग थांबावयाचें, आणि परत येणारा क्षीण प्रतिध्वनि कसा विरतो तें ऐकावयाचें, अशी योजना होती. मातीचा प्रतिध्वनि एका रीतीनें विरतो, सोन्याचा दुसऱ्या रीतीनें. लहानमोठे ठोके आलटून पालटून दिले कीं मातीचा वांटा वेगळा काढतां येतो. १९९५ सालीं हें यंत्र विक्रीस आलें, आणि जीं रानें खरवडून संपलीं असें सर्व जण मानीत होते, त्यांनीं पुन्हां सोनें दिलें.

आजचा शोधक त्यासाठीं हिंवाळा निवडतो, तो सुखासुखीं नव्हे. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर चढतो, वाळल्या गवताला वणव्याचें भय असतें, विषारी साप हिंडत असतात, आणि माती दगडासारखी टणक होते. थंडींत माती मऊ होते, साप बहुधा निपचित पडतात. पण ओलसर खारट माती विजेला वाट देते आणि नवा गोंगाट उठविते. म्हणून यंत्र पुनःपुन्हां जुळवावें लागतें. एवढें करूनही हातीं येतें तें बहुतेक शिशाचे छर्रे, पत्र्याचे तुकडे आणि गेल्या शतकांतील बुटांचे खिळे!

त्याच्या खिशांत एक परवानाही असतो. बॅलरॅटच्या युरेका येथें १८५४ सालीं जाचक परवानाशुल्काविरुद्ध खाणकऱ्यांनीं जो रक्तरंजित लढा दिला, त्यानंतर १८५५ मध्यें जन्मलेल्या ‘खाणकऱ्याचा हक्क’ नांवाच्या सनदेचा तो वारस आहे. त्याची मुदत दहा वर्षांची. मिळालेलें सोनें शोधकाचें. परंतु खणलेला खड्डा बुजविला पाहिजे, आणि मूळ रहिवाशांच्या वारशाचीं स्थळें उकरतां येत नाहींत. जाजा वुरुंग लोकांचा त्या भूमीशीं असलेला पिढीजात संबंध राज्यानें २०१३ च्या कराराने मान्य केला. १८५१ मध्यें जो प्रश्न कोणाच्या कानांपर्यंत गेला नव्हता, तो एकशें बासष्ट वर्षांनीं ऐकूं आला.

सोनें तर सारा काळ तेथेंच होतें. गारफील्ड यांच्या देहांतील गोळीही आपल्या जागींच होती. तिच्यावांचून बाकी सगळ्याचा आवाज ऐकूं आला, आणि ज्या बाजूला ती नव्हती ती बाजू मात्र बारकाईनें तपासली गेली. व्हिक्टोरियाच्या रानांत हिंवाळ्याची लहानशी सायंकाळ उतरते, तेव्हां शोधक यंत्र बंद करतो, शेवटचा खड्डा पायानें दाबून बुजवितो आणि खिशांतील खिळे मोजतो. दुसऱ्या दिवशीं पहिलें काम ठरलेलें असतें: तबकडी मोकळ्या जमिनीवर धरून, तीं माती कोणत्या सुरांत बोलते तें आधीं समजून घेणें.