जठराचा कॅन्सर : वय, बाईपण आणि उशीर

जठराचा, म्हणजे आपण साध्या बोलीत पोटाचा म्हणतो तो कॅन्सर झाल्यावर कोण वाचतं, कोण नाही? त्यात वयाचा आणि बाई-पुरुष असण्याचा काय संबंध? आज आम्ही हे थोडं मागच्या काळात जाऊन सांगणार आहोत.

या उपचाराच्या इतिहासात पहिलं नाव बाईचंच येतं. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना शहरात बिलरोथ नावाच्या सर्जनने थेरेसा हेलर या ४३ वर्षांच्या, लेकरंबाळं असलेल्या बाईच्या जठराचा कॅन्सर झालेला भाग कापून काढला. त्याआधी असं ऑपरेशन झालेले रोगी वाचले नव्हते. थेरेसाबाई वाचल्या, खाऊ-पिऊ लागल्या. पण चारेक महिन्यांत गेल्या, कारण आजार आधीच पसरला होता. ऑपरेशन साधलं, वेळ मात्र हुकली होती.

आपल्या राज्यात २८ फेब्रुवारी १९४१ ला मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. खानदेशातल्या माणसाला तिथे जायचं तर भुसावळ-जळगावहून चारशे किलोमीटरांवर रेल्वेचा प्रवास. १९६३ मध्ये मुंबईत कॅन्सर रोग्यांची नोंदवही सुरू झाली. कोणाला, कोणत्या वयात, कुठला कॅन्सर झाला, ते तीत लिहिलं जाऊ लागलं. पण ती झाली शहराची. खेड्यांची पहिली नोंदवही १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम भागातली ३४६ गावं तीत होती. कार्यकर्ते गावोगाव फिरायचे, रोग्यांची नोंद घ्यायचे आणि लक्षणंही समजावून सांगायचे. पुढे तिथल्या बायकांचा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पूर्वीपेक्षा लवकर सापडू लागला. बोलण्याने एवढा फरक पडला.

अशा नोंदींत एक गोष्ट मोजतात : निदान झाल्यापासून पाच वर्षांनी किती जण जिवंत आहेत? म्हातारी माणसं दुसऱ्या कारणानेही जातात, म्हणून त्यांची तुलना त्याच वयाच्या इतर लोकांशी करतात. तरीही जगभरच्या नोंदी सांगतात, की वय वाढलं की वाचण्याची शक्यता कमी होते. मोठं ऑपरेशन आणि औषधं थकलेल्या शरीराला झेपत नाहीत.

आता बाई-पुरुषाचं. जठराचा कॅन्सर पुरुषांना बायकांच्या साधारण दुप्पट होतो. बऱ्याच देशांत बायका थोड्या जास्त वाचतातही. मग काळजी कशाला? कारण तरुण बायकांत या कॅन्सरचा एक वेगळा प्रकार जास्त दिसतो. तो गाठ न धरता जठराच्या भिंतीत आतल्या आत पसरतो आणि उशिरा कळतो. म्हणजे तरुण वय हे काही कवच नाही.

जपानमध्ये तपासणीची सरकारी मोहीम आहे. तिथे अगदी सुरुवातीला सापडलेल्या दहापैकी नऊ जण पाच वर्षांनंतरही जगतात. आजार दूरवर पसरल्यावर सापडला, तर कुठल्याही देशात, कुठल्याही वयात फार थोडे. वयापेक्षा आणि बाईपणापेक्षा हा फरक कितीतरी मोठा आहे.

पण मैत्रिणींनो, उशीर होतो तो वयामुळे आणि बाईपणामुळेच. सुनेचं पोट दुखलं तर आपण म्हणतो, उपास केला असेल, पित्त झालं असेल. सासू वाळली तर म्हणतो, वय झालं. रक्त कमी निघालं तर पाळीवर ढकलतो. पण पाळी जाऊन वर्षं झालेल्या बाईचं रक्त कमी का होतं, हे कोणी विचारत नाही. पोटात हळूहळू रक्त झिरपत असेल तरी ते कमी होतं.

म्हणून लक्षात ठेवा : चार घासांत पोट भरणं, वजन उतरणं, वारंवार उलटी, घास अडकणं, डांबरासारखी काळी शौच. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, म्हणून त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. यातली बहुतेक दुखणी कॅन्सरची नसतात. पण दोन-तीन आठवडे त्रास थांबला नाही, तर नुसती पित्ताची गोळी घेत बसू नका. दुर्बिणीची तपासणी लागेल का, ते विचारा.

खर्चाची भीती असते. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत आपला धुळे होता. जळगाव पुढच्या वर्षी आला. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते आणि कॅन्सरचे उपचार तीत येतात. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

येत्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की एक प्रश्न घ्या : आपल्यातली कोण महिन्याभरात वाळली, कोणाचं जेवण तुटलं? ती तरुण असो की आजी, तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, ते तिथेच ठरवा.