१८९७ सालचं पुणे

संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा विषय ठरलेलाच होता : थोर व्यक्तींचं धैर्य आणि नेतृत्व. ‘तू जन्मभर इतिहास शिकवलास, तूच लिही.’ शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला दर वर्षी फिरून फिरून हाच विषय असायचा, आठवतंय ना? हात कुठे उंचवायचा, आवाज कुठे चढवायचा, हेसुद्धा पाठ असायचं. गड, तलवार, फास, तुरुंग यांच्याबाहेर आपलं भाषण कधी गेलं नाही. पुढे तीस वर्षं वर्गात उभा राहून मीही थोड्याफार फरकाने तेच सांगितलं.

निवृत्तीनंतर मात्र एक खोड लागली आहे. मोठमोठे कालखंड सोडून द्यायचे आणि एखादंच वर्ष, एखादंच गाव धरून वाचत बसायचं. त्यात पुणे, १८९७ हे वर्ष काही केल्या हातातून सुटत नाही.

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईच्या मांडवी भागात प्लेग दिसला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. (२०२० साली पुन्हा बाहेर काढला गेला, तो हाच कायदा.) त्यानंतर पुण्याच्या प्लेग कमिटीची सूत्रं वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे आली.

या वर्षातलं पहिलं माणूस आपल्या ओळखीचं आहे, पण त्यांचा शेवट आपण धड्यात दोन ओळींत उरकायचो. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. भिडे वाड्यातल्या शाळेला एकोणपन्नास वर्षं होऊन गेली होती, जोतिराव जाऊन सहा वर्षं लोटली होती. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. लोक रोग्याच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते, तेव्हा या बाई रोगी आणायला स्वतः जात होत्या. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मला नेहमी वाटतं, शेणाचे गोळे झेलणाऱ्या तरुण सावित्रीबाईंचं चित्र आपण वर्गात लावतो. मूल पाठीवर घेऊन चाललेल्या म्हाताऱ्या सावित्रीबाईंचं चित्र त्याच्या शेजारी असायला हवं. समोर शत्रू नाही, टाळ्या वाजवायला कोणी नाही, आणि आपण कशात हात घालतोय हे पक्कं ठाऊक आहे.

त्या गेल्या आणि लगेच मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांनी पुण्यात घरोघर झडत्या सुरू केल्या. स्वयंपाकघर, देवघर, माजघर असा भेद राहिला नाही. सामान रस्त्यावर आणून जाळलं जाई, संशयित माणसांना छावणीत नेलं जाई, बायकामाणसांची तपासणी सगळ्यांसमोर होई. साथ आटोक्यात आणण्याचा हेतू खरा होता, पण माणसांशी वागण्याची रीत पाशवी होती. टिळक गाव सोडून गेले नाहीत, त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ काढलं आणि ‘केसरी’तून कारभारावर कोरडे ओढले. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा सोहळा संपवून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला आणि रँड ३ जुलैला दगावला. दामोदर चापेकर १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याला फासावर गेले. हे सगळं आपल्याला पाठ आहे, म्हणून इथे थांबत नाही.

थांबायचं आहे ते चौथ्या माणसापाशी. वक्तृत्व स्पर्धेत त्यांचं नाव क्वचितच निघायचं, कारण त्यांच्या गोष्टीत आवाज चढवायला जागाच नाही.

गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा एकतीस वर्षांचे होते. कोतळूकच्या गरीब घरातला मुलगा, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर, मग फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. अंकगणिताचं शालेय पुस्तक त्यांच्या नावावर आहे. (टिळकही गणितातलेच. या दोन गणिती डोक्यांचं आयुष्यभर उत्तर जुळलं नाही.) हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला १८९७ च्या वसंतात ते इंग्लंडला गेले. साक्ष उत्तम झाली. सरकारी आकड्यांनीच सरकारला अडचणीत आणणारा हा तरुण अनेकांच्या नजरेत भरला.

पुण्याहून मित्रांची पत्रं येत होती. त्यांत झडत्यांचे हाल होतेच, पण आणखी एक भयंकर गोष्ट होती : सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने जीव दिला. गोखल्यांनी पत्र लिहिणाऱ्यांवर विश्वास ठेवला. ही हकिकत त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितली. विलायतेत गदारोळ झाला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ नाकारला आणि पुरावा द्या म्हणून गोखल्यांना आव्हान मिळालं.

जुलैअखेर बोट मुंबईला लागली तेव्हा पोलीस कमिशनर भेटायला बोटीवरच हजर होते. रँडच्या खुनाने सरकार चवताळलं होतं, आणि ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल टिळकांना २७ जुलैला अटक झाली होती. गोखल्यांनी पत्रलेखकांना विचारलं. पुढे यायला एकही तयार होईना. कोणी म्हणालं ऐकीव होतं, कोणी नाव घेऊ नका म्हणालं. गोखल्यांपुढे दोन सोप्या वाटा होत्या. नावं सांगून मोकळं व्हायचं, किंवा ‘माझी माहिती खरीच आहे’ म्हणत अडून बसायचं आणि लोकांत वीर ठरायचं. त्यांनी तिसरी धरली. नावं एकाचंही सांगितलं नाही. आरोप सिद्ध करता येत नाही, तो आपण करायला नको होता, असं जाहीर करून गव्हर्नर, प्लेग कमिटी आणि सैनिक या सगळ्यांची त्यांनी बिनशर्त माफी मागितली. ती वर्तमानपत्रांत छापून आली.

पुण्यात त्यांच्यावर काय कोसळलं असेल याची कल्पना करा. टिळक राजद्रोहाच्या खटल्यात उभे आहेत, माफी मागा म्हणणाऱ्या हितचिंतकांना त्यांनी नकार दिला आहे. पंचांतले सहा युरोपीय दोषी म्हणतात, तिघे हिंदी निर्दोष म्हणतात, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी होते. त्याच दोन महिन्यांत हा दुसरा पुणेकर माफी मागून घरी बसला. भित्रा, सरकारचा बगलबच्चा, काय काय ऐकलं नसेल त्यांनी?

माझं मत सांगतो. माफीनामा गरजेपेक्षा लांब गेला. जे सिद्ध झालं नाही ते मागे घेणं योग्यच होतं. पण सैनिकांच्या वागण्याने गाव होरपळलं होतं, हेही तितकंच खरं होतं. त्याबद्दल अवाक्षर न काढता त्याच सैनिकांची बिनशर्त माफी मागणं मला आजही खटकतं. वर्गात हे सांगितलं की हुशार मुलं विचारायची, ‘मग सर, टिळक बरोबर की गोखले?’ मी म्हणायचो, टिळकांनी स्वतः लिहिलेल्या शब्दांसाठी तुरुंग पत्करला, गोखल्यांनी दुसऱ्याच्या शब्दांवर भरवसा ठेवल्याची शिक्षा एकट्याने भोगली. उत्तर अपुरं आहे, पण याहून चांगलं मला सापडलं नाही.

गोखल्यांच्या या प्रकरणापाशी मी इतका का अडतो, तेही लिहून टाकतो. नववीत सहलीच्या वर्गणीचे पैसे हरवले होते. दोघांनी मला सांगितलं की अमक्याने घेतले. मी वर्गाचा मॉनिटर. ऐकलं, आणि वर्गशिक्षकांना जाऊन सांगितलं. त्याला सगळ्यांसमोर छड्या बसल्या. चार दिवसांनी पैसे हजेरीपटाच्या कव्हरात सापडले. मी त्या दोघांना गाठलं तर ते म्हणाले, ‘आम्ही कुठं काय म्हटलं?’ त्यांची नावं मीही कधी सांगितली नाहीत. गोखल्यांशी माझं साम्य तिथेच संपतं, कारण त्या मुलाची माफीही मी कधी मागितली नाही.

गोखले पुढे पुण्यात प्लेगच्या कामात रोग्यांमध्ये फिरले. भाषणं देऊन गेलेली पत त्यांनी परत मागितली नाही. १८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि १९०१ साली शेतजमिनीच्या विधेयकावरून फिरोजशहा मेहतांबरोबर सभागृहातून उठून बाहेर पडले. १९०२ पासून मोठ्या कौन्सिलात त्यांच्या अंदाजपत्रकावरच्या भाषणांना सरकारी सभासद वचकून असत. असं म्हणतात की त्यांचा एकही आकडा कोणी खोडू शकत नसे. ९७ साली पोळलेला माणूस आकडा तपासल्याशिवाय तोंड उघडत नसणार, असं मला वाटतं. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. ते मंजूर झालं असतं तर आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या अंगठा उठवत राहिल्या नसत्या.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. वय अवघं अठ्ठेचाळीस. टिळक सिंहगडावर होते. बातमी कळताच ते खाली उतरले, स्मशानात आले आणि ज्याच्याशी हयातभर भांडले त्याच्याबद्दल तिथे उभं राहून गौरवाने बोलले.

या स्मरणिकेच्या मंडळात तो नववीतला मुलगाही आहे. म्हणून लेखाचा कच्चा खर्डा मंडळाच्या आधी मी त्याच्याकडे पाठवला आणि खाली चार ओळी लिहिल्या, पन्नास वर्षांपूर्वी लिहायला हव्या होत्या त्या. आठ दिवसांनी खर्डा परत आला. शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल पेनाने काढल्या होत्या, आणि समासात एवढंच होतं : ‘छड्या सहा होत्या. मेळाव्याला लवकर ये, शेजारी जागा धरून ठेवतो.’