आश्रयाच्या वाटा : फादर जोसेफ वाझ, कानडा ते कँडी

जोयडा तालुक्यातील उळवी हे चन्नबसवण्णांच्या समाधीचे क्षेत्र होय. बाराव्या शतकात कल्याण येथे शरणांचा छळ सुरू झाला, तेव्हा त्यांच्यापैकी काहींनी या अरण्यात आश्रय घेतला, अशी परंपरा सांगते. पुढे पाचशे वर्षांनी घाटाखालच्या कानडा किनाऱ्यावर गोव्याचे एक धर्मोपदेशक पायपीट करीत होते. त्यांनाही पुढे परक्या राजाचाच आश्रय लाभला.

फादर जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ मध्ये बाणावली येथे झाला. १६८१ ते १६८४ या काळात ते कानड्यात होते. बसरूर, कुंदापूर, मंगळूर हा मुलूख तेव्हा केळदीच्या लिंगायत राणी चन्नम्मा यांच्याकडे होता. याच राणीने १६८९ मध्ये छत्रपती राजारामांना मोगलांपासून वाचविले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. वाझ यांना तेथे राज्यकर्त्यांपेक्षा स्वधर्मीयांच्याच भांडणाचा अधिक त्रास झाला. कानड्यावर अधिकार गोव्याच्या आर्चबिशपांचा की रोमने नेमलेल्या बिशपांचा, हा तो वाद.

१६८७ मध्ये ते श्रीलंकेत उतरले. त्यापूर्वीच, १६५८ पर्यंत, डचांनी पोर्तुगीजांना बेटाच्या किनाऱ्यावरून हुसकावले होते आणि कॅथलिक पाद्र्यांना तेथे बंदी होती. वाझ यांनी मजुराचा वेश घेतला. जाफन्यात अतिसाराने ते मरणोन्मुख झाले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ घालून ते भीक मागत दारोदार फिरत. माळ ओळखणारे घर कोणते, हे त्यावरून कळे. असा धर्मप्रचार करणे येरागबाळ्याचे काम नव्हे.

१६९२ मध्ये ते कँडीला पोहोचले, तो पोर्तुगीजांचे हेर समजून त्यांना कैद झाली. कालांतराने बौद्ध राजा विमलधर्मसूर्य दुसरा याचा संशय फिटला. १६९७ मध्ये शहरात देवीची साथ पसरली. लोक आपल्याच आजारी माणसांना टाकून पळाले. वाझ यांनी त्यांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली, धर्म न विचारता.

याच कँडीच्या गादीने पूर्वी मुसलमानांनाही आसरा दिला होता, याचा उल्लेख चरित्रकार क्वचितच करतात. १६२६ मध्ये पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरील मुसलमानांना हाकलले, तेव्हा राजा सेनारत याने त्यांच्यापैकी सुमारे ४००० जणांना मट्टकळप्पू भागात वसविले. म्हणजे छळणारे पोर्तुगीज पुढे स्वतःच हुसकले गेले, त्यांच्या धर्माचा पाद्री लपतछपत आला, आणि दार उघडले ते त्याच राजघराण्याने.

वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच निवर्तले. गोव्याला ते परतले नाहीत.