फ्रेस्को (अजिंठ्याच्या संदर्भात)

फ्रेस्को : ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंगवलेले भित्तिचित्र. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ ‘ताजा’. इंग्रजीत हा शब्द सरसकट कोणत्याही भित्तिचित्राला लावला जातो. सोयगाव तालुक्यातील (जि. छत्रपती संभाजीनगर) अजिंठा लेण्यांची चित्रे हे अशा सैल वापराचे ठळक उदाहरण होय. भित्तिचित्रासाठी इंग्रजीत ‘म्यूरल’ हा व्यापक शब्द आहे. फ्रेस्को हा त्याचा एक प्रकार.

तंत्रातील फरक : फ्रेस्कोत नुसत्या पाण्यात कालवलेला रंग ओल्या गिलाव्यात मुरतो. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होताना रंगाचे कण त्यात पक्के बसतात. डिंक-सरस लागत नाही. गिलावा वाळण्याआधी काम उरकावे लागते, म्हणून चित्रकार दिवसभरात रंगवून होईल तेवढीच भिंत लिंपतो. अजिंठ्याची रीत वेगळी. तेथे खडबडीत कातळावर भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू व वाळू मिसळलेल्या मातीचा थर दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात घोटलेले रंग लावले. तांबडी व पिवळी काव, काजळी हे त्यांतले नेहमीचे रंग. उत्तरकालीन चित्रांतील निळ्यासाठी अफगाणिस्तानातील लाजवर्द वापरला. या पद्धतीस ‘टेंपेरा’ किंवा ‘सेक्को’ म्हणतात. यात रंग पृष्ठभागावरच राहतो. त्यामुळे ओल, घासणे आणि गिलावा सुटणे यांचा धोका मोठा असतो.

शब्दाचा प्रसार : मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून 1872 पासून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेणारे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या ग्रंथाच्या (1896–97) नावात ‘पेंटिंग्ज’ हा बिनचूक शब्द ठेवला. लेडी हेरिंगहॅम यांच्या प्रतिकृतींचा संग्रह मात्र इंडिया सोसायटीने 1915 मध्ये लंडनला ‘अजंता फ्रेस्कोज’ या नावाने काढला. विशेष म्हणजे हेरिंगहॅम स्वतः टेंपेराच्या जाणकार होत्या. चेन्नीनीच्या चित्रकलाविषयक इटालियन ग्रंथाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 1899 मध्येच प्रसिद्ध झाला होता.

तत्सम गफलत : अजिंठ्याच्या लेण्यांना इंग्रजीत ‘केव्ह’ म्हणतात. ‘केव्ह’ म्हणजे गुहा, बहुधा निसर्गनिर्मित. अजिंठ्यातील चैत्य व विहार माणसाने कातळात कोरलेले आहेत. मराठीतील ‘लेणे’ हा शब्द अधिक नेमका.

मराठी लेखनात ‘अजिंठ्याची भित्तिचित्रे’ असे लिहावे. तंत्र सांगायचे असल्यास ‘टेंपेरा’ म्हणावे. ‘फ्रेस्को’ हा शब्द तेथे टाळावा.