हायड्रोजन, किण्वनजन्य

ओल्या कचऱ्यातील पिष्टमय पदार्थ व शर्करा यांवर प्राणवायू आणि प्रकाशाविना जीवाणूंची क्रिया होऊन मिळणारा हायड्रोजन वायू. क्लॉस्ट्रिडियम व एंटेरोबॅक्टर या प्रजाती त्यात प्रमुख.

ग्लुकोजच्या एका रेणूपासून हायड्रोजनचे जास्तीत जास्त ४ रेणू मिळू शकतात, तेही सोबत अ‍ॅसिटिक आम्ल तयार होत असेल तर. ब्युटिरिक आम्ल बनू लागले की २ च. प्रत्यक्ष उतारा याहूनही कमी. बाकीची ऊर्जा आम्लांतच अडकून राहते, आणि खरी अडचण इथेच आहे. दुसरी अडचण मिथेनजनक सूक्ष्मजीवांची : ते तयार हायड्रोजन खाऊन टाकतात. म्हणून जीवाणूंचे विरजण आधी तापवतात; क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू उष्णतेत तगतात, मिथेनजनक मरतात. पुढे सामू ५ ते ६ च्या आसपास ठेवतात.

ओला कचरा प्राणवायूविना कुजवण्याचे एक उदाहरण म्हणजे नाशिक महापालिकेचा विल्होळी येथील प्रकल्प; तो जर्मनीच्या जीआयझेड संस्थेच्या सहकार्याने उभा राहिला. त्यात हॉटेलांतील खरकटे व सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र कुजवतात. त्यातून मिळतो तो मात्र बायोगॅस, आणि त्यावर वीज. हायड्रोजन त्या साखळीतली मधली, क्षणिक पायरी. ती वेगळी काढण्याचे काम पुण्यात झाले. आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटी कंपनीशी संबंधित सेंटिएंट लॅब्जसह भात, गहू, मक्याच्या अवशेषांपासून पहिल्या टप्प्यात हायड्रोजन व दुसऱ्यात मिथेन देणारी पद्धत विकसित केली (२०२१). आम्लांत अडकलेली ऊर्जा अशी दुसऱ्या टप्प्यात वसूल होते.